तोंडाच्या आणि जबड्याच्या ऑपरेशनमध्ये सध्या नवीन काय आहे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ओरल सर्जन आहे, विदर्भात काम करते. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), गुटखा, तंबाखू, सुपारी यांनी तोंडं कशी होतात ते रोज बघते. पेशंटचे नातेवाईक व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून येतात आणि विचारतात मॅडम हे नवीन आलंय ते आमच्या बाबांना चालेल का, काही प्रश्न फार चांगले असतात पण ओपीडीत मागे रांग असते, नीट बोलता येत नाही. म्हणून इथे सावकाश लिहिते. बरंचसं तोंडाच्या कॅन्सरबद्दल आणि तोंड न उघडण्याबद्दल आहे कारण आपल्याकडे तेच जास्त आहे, बाकीचं शेवटी थोडंथोडं.

गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे, दुखत नाही. किती दिवस वाट बघायची?

दोन आठवडे. जखम, छाला, पांढरा किंवा लाल चट्टा, काहीही असो, टोकदार दात किंवा तिखट लागून झालेलं असेल तर दोन आठवड्यांत भरतं. नाही भरलं तर दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते बहुतेक दुखतच नाही आणि लोक इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

यावर आपल्या देशात मोठा अभ्यास झालाय. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवून घरोघरी पाठवलं, त्यांनी काय केलं तर उजेडात लोकांचं तोंड आतून नीट बघितलं आणि संशय आला त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. २००५ साली निकाल आला, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. ना मशीन ना रक्ताची तपासणी, फक्त बघणं. त्यामुळे मोबाईलच्या फोटोवरून कॅन्सर ओळखणारे ॲप येतायत ते चांगलंच आहे, आशाताईंच्या हातात असं काही आलं तर मला आनंदच होईल, पण आज घरी आरशासमोर टॉर्च घेऊन उभं राहायला ॲपची वाट बघायची गरज नाही. गाल दोन्ही बाजूंनी ओढून बघा, जीभ बाहेर काढून तिच्या कडा बघा, जीभ वर करून खालची जागा बघा. घरातल्या बायकांचंही बघा, मिश्री लावणाऱ्या आजी-मावशा तर तपासणीला कधी येतच नाहीत.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं का?

नाही. गालातला, जिभेचा छोटा तुकडा तपासायला काढल्याने आजार पसरत नाही. असं वाटायचं कारण एवढंच की लोक फार उशिरा येतात, तुकडा काढतात तेव्हा आजार आधीच वाढलेला असतो आणि पुढच्या महिनाभरात पेशंट खालावला की दोष त्या तुकड्याला. बायोप्सीशिवाय कुठलाच शहाणा डॉक्टर जबडा काढायला घेणार नाही. खरा धोका आहे तो रिपोर्ट आल्यावर तीन महिने कुणाचं तरी झाडपाल्याचं औषध घेत बसण्यात.

गाठ गालात आहे, मानेवर तर काहीच हाताला लागत नाही. मग मान कशाला उघडायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात आणि याचं उत्तर जगाला मुंबईने दिलंय, म्हणून जरा लांबलचक सांगते.

तोंडाचा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुतेक वेळा आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत जातो. सुरुवातीला तिथे इतक्या थोड्या पेशी असतात की हाताला लागत नाहीत आणि सोनोग्राफीत पण दिसतीलच असं नाही. मग वर्षानुवर्षं डॉक्टरांमध्ये दोन मतं होती. एक म्हणायचे तोंडातली गाठ काढताना मानेच्या ग्रंथी पण काढून टाका, दुसरे म्हणायचे उगाच सगळ्यांची मान कशाला उघडता, लक्ष ठेवा आणि वर आल्या तर तेव्हा काढा. दोन्ही बाजूंना मोठमोठे सर्जन होते आणि पक्का पुरावा कुणाकडेच नव्हता.

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २००४ साली ट्रायल सुरू केली. सुरुवातीच्या स्टेजचा तोंडाचा कॅन्सर, मानेत काही लागत नाही असे पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटले, कुणी कुठल्या गटात जायचं ते डॉक्टरने ठरवायचं नाही. २०१५ साली डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने ५०० पेशंटचा निकाल मांडला. मान तेव्हाच केलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के लोक जिवंत होते, वाट बघणाऱ्या गटात ६७.५ टक्के. मोजून सांगायचं तर पहिल्या गटात २४५ पेशंटपैकी ५० गेले आणि दुसऱ्या गटात २५५ पैकी ७९. म्हणजे साधारण दर ८ पेशंटची मान पहिल्याच वेळी केली की त्यातला एक जीव जास्त वाचतो. कुठलं नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, फक्त ऑपरेशन कधी करायचं ते बदललं आणि एवढा फरक पडला. अमेरिका, युरोपातल्या डॉक्टरांनी पण हे मान्य केलं आणि आज जगभर याच आधारावर निर्णय होतात, मला याचा फार अभिमान वाटतो.

वाट बघणाऱ्या गटाचं नुकसान का झालं? कारण पेशंट परत येतो तेव्हा मानेतली गाठ मोठी झालेली असते, कधी ग्रंथीच्या बाहेर फुटलेली असते. आणि आपल्याकडे दर महिन्याला तपासणीला येणं म्हणजे मजुरी बुडवून गडचिरोलीहून नागपूरला येणं, ते कोण किती दिवस करणार. त्यामुळे डॉक्टरांनी मान पण करू म्हटलं तर ते बिल वाढवायला म्हणतायत असं समजू नका.

पण मग खांदा दुखतो, हात वर जात नाही म्हणतात त्याचं काय?

होतं ते, लपवत नाही. मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस असते, आता ती वाचवूनच ऑपरेशन करतात पण तिला ओढ बसतेच, म्हणून खांद्याचे व्यायाम लवकर सुरू करायचे असतात आणि ते कंटाळा न करता काही महिने करायचे असतात.

हे टाळण्यासाठी नवीन पद्धत पण आलीय, सेंटिनल नोड बायोप्सी. गाठीच्या बाजूला किरणोत्सर्गी द्रव्य थोडंसं टोचतात, ते वाहत जाऊन मानेतल्या ज्या पहिल्या ग्रंथीत थांबतं तीच शोधून काढतात आणि तपासतात. तिच्यात आजार नसेल तर बाकी मान सोडून देतात. फ्रान्समध्ये २०२० साली आणि जपानमध्ये २०२१ साली यावर नीट ट्रायल छापून आल्या, दोन्हीत असं दिसलं की सुरुवातीच्या स्टेजला ही पद्धत पूर्ण मान करण्याइतकीच सुरक्षित आहे आणि सुरुवातीच्या काळात मान-खांद्याचा त्रास कमी होतो. पण त्याला न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य वापरून तपासणारा विभाग लागतो, ग्रंथीचे पातळ पातळ काप करून बघणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो, हात बसलेला सर्जन लागतो. मोठ्या सेंटरला असाल तर जरूर विचारा. जिथे ही सोय नाही तिथे मी तरी सरळ मान करून घ्या म्हणेन.

जबडा काढणार म्हणाले. मग चेहरा कसा दिसेल, जेवता येईल का?

खालचा जबडा अर्धा काढून तसाच सोडला तर हनुवटी एका बाजूला सरकते, लाळ गळते, चावता येत नाही, माणूस लग्नकार्यात जायचं बंद करतो. आधी असे पेशंट खूप दिसायचे. आता पायातलं हाड काढून जबडा बनवतात, ही पद्धत १९८९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गोंनी जबड्यासाठी मांडली आणि आज ती जगभर नेहमीची झालीय.

गुडघ्याखाली दोन हाडं असतात, जाड नडगी वजन घेते आणि बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला, ते बरंचसं काढलं तरी माणूस चालू शकतो. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा काही सेंटीमीटर भाग ठेवून मधलं हाड काढतात, सोबत त्याला रक्त देणारी धमनी, शिरा आणि लागेल तेवढी कातडी. मग त्या सरळ हाडाला पाचर मारल्यासारखे काप देऊन जबड्याच्या आकारात वळवतात, टायटॅनियमच्या प्लेटने बसवतात आणि पायाच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. त्या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या आणि दोरा केसापेक्षा बारीक. सगळं मिळून आठ-दहा तास सहज लागतात, बाहेर बसलेल्यांनी एवढा वेळ का लागतोय म्हणून घाबरून जाऊ नये.

ऑपरेशननंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यात नाजूक. रात्रभर दर तासाला सिस्टर येऊन तोंडात बॅटरी मारून ती लावलेली कातडी बघतात, गुलाबी आहे का, गरम आहे का, दाबून सोडली की रंग परत येतो का. कधी सुईने टोचून रक्ताचा रंग बघतात, लाल आलं तर बरं, काळपट आलं तर शीर तुंबलीय आणि रात्री दोनला पण परत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. लगेच नेलं तर बऱ्याच वेळा वाचतं. असं परत न्यावं लागलं म्हणजे डॉक्टर चुकले असं नाही, रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. हात बसलेल्या सेंटरमध्ये असे फ्लॅप, म्हणजे दुसरीकडून आणून लावलेलं हाड-मांस-कातडी, ९५ टक्क्यांच्या आसपास टिकतात.

घरच्यांनी आणखी तीन गोष्टी मनाची तयारी करून ठेवा. गळ्याला श्वासासाठी तात्पुरतं भोक असेल, नाकातून जेवणाची नळी असेल आणि चेहरा पहिला आठवडा इतका सुजलेला असेल की ओळखू येणार नाही. भोक बंद होतं, सूज उतरते. पेशंटला लगेच आरसा देऊ नका, पण त्याच्याशी बोलत राहा, तो बोलू शकत नाही म्हणून लोक त्याच्या समोर नको ते बोलतात आणि त्याला सगळं ऐकू येत असतं.

आमच्या डॉक्टरांनी छातीचं मांस लावू म्हटलंय. ही जुनी पद्धत आहे का? नाही म्हणू का?

नाही म्हणू नका, आधी कारण विचारा. छातीच्या स्नायूचा फ्लॅप १९७९ साली आला आणि तो आजही लाखमोलाचा आहे. रक्तवाहिन्या जोडाव्या लागत नाहीत, वेळ कमी लागतो, म्हाताऱ्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या पेशंटला झेपतो. गालातली मोठी जखम झाकायला, जबड्याचा मागचा भाग गेला असेल तर तो चांगला चालतो. समोरची हनुवटी जाणार असेल तर मात्र हाडच हवं आणि तुमच्या हॉस्पिटलला ते होत नसेल तर कुठे होईल हे स्पष्ट विचारा. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

थ्रीडी प्रिंटिंगने जबडा छापतात असं व्हिडिओत बघितलं. तसं होतं का?

जिवंत हाड छापून मिळत नाही अजून, तो व्हिडिओ बहुतेक प्लास्टिकच्या मॉडेलचा किंवा टायटॅनियमच्या तुकड्याचा असणार. पण थ्रीडीने आमचं काम खरंच बदललंय. चेहऱ्याचा आणि पायाचा सीटी घेऊन कॉम्प्युटरवर आधीच ऑपरेशन करून बघता येतं, जबडा कुठे कापायचा, पायाचं हाड किती लांब आणि कुठल्या कोनात कापायचं, आणि मग त्या कोनांचे गाइड छापून घेतात. ओटीत ते गाइड हाडावर बसवायचं आणि त्याच्या फटीतून करवत चालवायची, तुकडे एकमेकांना बरोबर भिडतात. आधी हे सगळं डोळ्यांनी आणि अंदाजाने, आणि तेवढा वेळ हाड रक्ताशिवाय पडून. आता तो वेळ वाचतो.

यात पुढचं पाऊल म्हणजे एकाच ऑपरेशनमध्ये जबडा, त्यात इम्प्लांट (दात बसवायचे स्क्रू) आणि त्यावर दात. न्यूयॉर्कच्या एनवाययू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१३ साली ते मांडलं, इंग्रजीत त्याला जॉ इन अ डे म्हणतात. भारतात पण काही ठिकाणी होतं. पण ते जास्त करून साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठींसाठी चांगलं, कारण कॅन्सरमध्ये ऐन वेळी जास्त हाड काढावं लागलं तर आधी केलेलं सगळं प्लॅनिंग फुकट जातं, आणि वर शेक (रेडिएशन) द्यायचा असतो.

माझं मत स्पष्ट सांगते, बाहेरच्या कंपनीकडून गाइड यायला तीन आठवडे लागणार असतील आणि गाठ वाढणारी असेल तर गाइडशिवाय करा. गाठ तुमच्या कुरिअरसाठी थांबत नाही. आता स्वस्त प्रिंटर आल्यामुळे काही हॉस्पिटलं स्वतःच मॉडेल छापतात, प्लेट त्यावर आदल्या दिवशी वळवून ठेवतात, हे मला आपल्यासाठी जास्त उपयोगाचं वाटतं.

इम्युनोथेरपीने ऑपरेशन टळतं का?

तोंडाच्या कॅन्सरमध्ये, ऑपरेशन होण्यासारखं असेल तर नाही, अजून तरी ऑपरेशनच मुख्य. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, जोडायची ही गोष्ट नवीन आहे आणि मोठी आहे. पेम्ब्रोलिझुमॅब औषधाची ७१४ पेशंटची ट्रायल २०२५ साली छापून आली, ऑपरेशनआधी दोन डोस, नंतर शेकाबरोबर आणि पुढेही. आजार परत न येता, न वाढता गेलेला काळ मधल्या पेशंटचा धरला तर ५१.८ महिने, नेहमीच्या उपचारात ३०.४ महिने. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, याला मान्यता दिली, तीही वाढलेल्या पण ऑपरेशन होण्यासारख्या आजारात आणि गाठीत पीडी-एल१ नावाचं प्रथिन सापडलं तरच. अडचण पैशांची. पूर्ण कोर्स १७ डोसांचा आणि एका डोसची किंमतच लाखांत जाते.

इथे परत टाटाचं नाव घ्यावं लागतं. ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही किंवा आजार परत आलाय अशा पेशंटना त्यांनी निवोलुमॅब नेहमीच्या डोसच्या साधारण ६ टक्के, म्हणजे तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम, कमी डोसच्या गोळ्यांच्या केमोबरोबर देऊन बघितलं. एका वर्षाने नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के लोक जिवंत होते आणि औषध जोडल्यावर ४३.४ टक्के. आपल्या खिशाला झेपेल असं संशोधन आपणच करायला हवं, ते हे. मात्र याच्या जोरावर होण्यासारखं ऑपरेशन पुढे ढकलू नका, ही ट्रायल वेगळ्या पेशंटची होती.

रोबोटने ऑपरेशन करून घ्यायचंय.

रोबोट टॉन्सिल, जिभेचा मागचा भाग अशा आतल्या जागांसाठी चांगला. गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग सरळ दिसतो, हात पोचतो, तिथे रोबोटने जास्त काही मिळत नाही. ते पैसे चांगल्या पुनर्रचनेवर आणि नंतरच्या दातांवर घाला.

तोंड उघडत नाही, दोनच बोटं जातात, तिखट झोंबतं. हे काय आहे? ऑपरेशनने उघडेल का?

हे सबम्यूकस फायब्रोसिस, आणि कारण सुपारी. तंबाखू नाही, सुपारी. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ सालीच याबद्दल लिहिलं होतं, आणि आज कॉलेजातली पोरं ते घेऊन येतायत. सुपारीतल्या घटकांमुळे गालाच्या आत कोलॅजन साठत जातं, गाल पांढरट आणि कडक होतो, आतून बोट फिरवलं तर दोऱ्या ताणल्यासारख्या हाताला लागतात. आणि पुढे कॅन्सरचा धोका आहेच, केरळात १७ वर्षं मागोवा घेतलेल्या पेशंटमध्ये ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला.

तोंड थोडंच कमी उघडत असेल तर सुपारी बंद, व्यायाम, गालात स्टिरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं, लायकोपीनच्या गोळ्या यांनी झोंबणं कमी होतं, थोडं उघडतंही. फार बंद झालं, वीस-पंचवीस मिलिमीटरच्या आत, तर ऑपरेशन. गालातल्या त्या दोऱ्या कापायच्या, तोंड भुलीत उघडायचं आणि उघडी झालेली जागा कशाने तरी झाकायची, गालातलीच चरबी, नाकाच्या बाजूची कातडी, कोलॅजनची पट्टी किंवा हाताच्या कातडीचा फ्लॅप. लेझर, प्लेटलेटचं इंजेक्शन, स्टेम सेल असं बरंच चालू आहे पण ते अभ्यास छोटे आहेत, त्यावर कुणी हमी देत असेल तर पैसे देऊ नका.

आता खरं सांगते. या ऑपरेशनचा निकाल ओटीत लागत नाही, तुमच्या घरी लागतो. जखम भरताना आकसते आणि तोंड परत बंद व्हायला बघते. म्हणून ऑपरेशननंतर काही दिवसांतच व्यायाम, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्या, उकळून स्वच्छ करा, एकावर एक ठेवून दाढांच्या मध्ये सरकवा, दोन्ही बाजूंना. रोजचा आकडा वहीत लिहा, आठवड्याने एक काडी वाढवायचा प्रयत्न करा. दुखतं, डोळ्यांत पाणी येतं, तरी दिवसातून चार-पाच वेळा, निदान सहा महिने. कंटाळा केला आणि चोरून खर्रा सुरू केला तर वर्षभरात आहे तिथेच. मुलगा घरी व्यायाम करतोय का हे आईने नाही, त्याच्या मित्राने बघावं, तो जास्त ऐकतो.

मी फक्त सुपारी खातो, तंबाखूला हात लावत नाही. मग तर चालतं ना?

नाही चालत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने, आयएआरसीने, नुसती सुपारीसुद्धा पहिल्या गटात टाकलीय, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गटात. गोड सुपारी, मसाला सुपारी, मुलांच्या हातातल्या छोट्या पुड्या, सगळं आलं त्यात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी माझ्या ओपीडीच्या बाहेरच्या टपरीच्या आसपास रिकाम्या पुड्या पडलेल्या असतात, याचा मला रोज त्रास होतो. बंद करायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे.

शेक सुरू करायच्या आधी चांगले दात पण काढायला सांगितले. का?

चांगले नाही, किडलेले, हलणारे, ज्यांचं भविष्य नाही असे. शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मग पुढे कधी दात काढला तर काहींची जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं, मरतं, कधी जबडा मोडतो. म्हणून आधी दातांच्या डॉक्टरकडे जा, काढायचे ते काढा, जखम भरायला साधारण दोन आठवडे द्या. पुढे आयुष्यभर फ्लोराइड आणि नियमित तपासणी. शेकानंतर दात काढावाच लागला तर हायपरबेरिक ऑक्सिजन (बंद खोलीत जास्त दाबाने दिलेला ऑक्सिजन) देतात असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण इंग्लंडमधल्या ट्रायलमध्ये २०१९ साली त्याचा बचावासाठी फायदा दिसला नाही, त्यामुळे महागड्या सेशन्सच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा.

आईला हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एक इंजेक्शन देतात. तिचा दात काढता येईल का?

बहुतेक वेळा येतो, फक्त दातांच्या डॉक्टरला इंजेक्शनचं नाव आणि तारीख सांगा. झोलेड्रॉनिक ॲसिडसारख्या औषधांमुळे जबड्याचं हाड उघडं पडू शकतं हे २००३ साली पहिल्यांदा लक्षात आलं, डेनोसुमॅबचं नंतर. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला हा धोका फारच कमी आहे, कॅन्सर हाडांत गेलेल्यांना हीच औषधं दर महिन्याला देतात तिथे जास्त. स्वतःच्या मनाने इंजेक्शन बंद करू नका, डेनोसुमॅब मध्येच सोडलं तर मणके मोडण्याची भीती असते.

बाळाचा तोंडातला टाळू फाटलेला आहे. ऑपरेशन कधी करायचं?

यावर २०२३ साली चांगला निकाल आलाय. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या २३ सेंटरांनी ५५८ बाळं घेतली, ओठ नीट आणि फक्त टाळू फाटलेला, काहींचं ऑपरेशन ६ महिन्यांना केलं आणि काहींचं १२ महिन्यांना. पाचव्या वर्षी बोलताना नाकातून हवा जाण्याचा दोष ६ महिन्यांवाल्यांत ८.९ टक्के आणि १२ महिन्यांवाल्यांत १५ टक्के. म्हणजे लवकर केलेलं बोलण्यासाठी बरं. पण तिथे लहान बाळांना भूल देणारे तयार लोक होते आणि बाळं वजनाने चांगली होती. आपल्याकडे आधी बाळाचं वजन आणि हिमोग्लोबिन वाढवा, दूध कसं पाजायचं ते शिकून घ्या, आणि पहिल्या महिन्यातच सर्जनला दाखवून ठेवा म्हणजे तारीख ठरवता येते. बऱ्याच हॉस्पिटलांत संस्थांच्या मदतीने हे ऑपरेशन मोफत होतं.

बाइकवरून पडून जबडा मोडला. प्लेट नंतर काढावी लागते का?

टायटॅनियमची प्लेट त्रास देत नसेल तर राहू द्या. लहान मुलांच्या बाबतीत विरघळणाऱ्या प्लेट वापरता येतात, महाग आहेत. आणि मूल हनुवटीवर पडलं असेल तर नुसते टाके घालून सोडू नका, कानासमोरच्या सांध्याचा एक्स-रे किंवा सीटी करा, तिथलं फ्रॅक्चर लक्षात आलं नाही तर काही वर्षांत सांधा जुळून तोंडच बंद होऊ शकतं.

अख्खा चेहरा बदलतात हे खरं आहे?

हो. २००५ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा चेहऱ्याचा काही भाग दुसऱ्या व्यक्तीचा लावला. २०२४ साली जगभरातल्या ५० प्रत्यारोपणांचा हिशोब छापून आला, पाच वर्षांनी ८५ टक्के आणि दहा वर्षांनी ७४ टक्के चेहरे टिकलेले होते. पण जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात आणि त्यांनीच नवे कॅन्सर होऊ शकतात, म्हणून कॅन्सरच्या पेशंटसाठी हा मार्ग नाही. भाजणं, गोळी लागणं, प्राण्याने फाडणं अशा ठिकाणी केलंय.

पैसे नाहीत. काय करायचं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, शेक, केमो बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधी तिथे जा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, नंतर मंजुरीसाठी पळापळ होते. आणि बायोप्सी, सीटी होईपर्यंत कागद गोळा करून ठेवा, कागदासाठी ऑपरेशन महिनाभर लांबलेलं मी बघते आणि फार वाईट वाटतं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय. काय काय न्यायचं?

जरूर घ्या, पण आठवड्यात घ्या, महिना लावू नका. नुसता बायोप्सीचा कागद नेऊ नका, लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या, ते तुमचे आहेत आणि मोठ्या हॉस्पिटलला ते परत तपासायचे असतात. सीटी-एमआरआयची सीडी, फक्त फिल्म नको. चालू औषधांची यादी, शुगर-बीपीचे कागद, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधीपासून. तिथे चार प्रश्न नक्की विचारा, माझी स्टेज काय, मान करणार का आणि का, जबडा गेला तर काय लावणार, आणि नंतर शेक लागला तर तो कुठे आणि कधी. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवा, म्हणून ज्या सेंटरला शेक घ्यायचाय तिथला नंबर ऑपरेशनच्या आधीच लावून ठेवा. मुंबईला जाणं जमत नसेल तर टाटा मेमोरियल नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या तीनशेवर हॉस्पिटलांशी जोडलेलं आहे, तुमच्या जवळचं त्यात कुठलं ते आधी विचारा, नागपूरला पण आहेत.